तुमी कोनाकडल्या?

वाशीममध्ये मला चेहऱ्यानं ओळखणारी माणसं थोडी आहेत, आवाज मात्र बहुतेकांच्या कानावरून गेलेला आहे. सकाळी घंटागाडी गल्लीत शिरते तेव्हा ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवा असं सांगणारी बाई मी. साड्यांचा सेल लागला, नवा दवाखाना उघडला, दहावीचे क्लास सुरू झाले, की ऑटोवर भोंगा लावून जो आवाज फिरतो तोही माझा. किराणा दुकानात मी पाव किलो गूळ मागितला तरी शेजारची बाई मान वळवून बघते. हिला कुठं ऐकलंय ते तिला आठवत नाही. मीही सांगत नाही.

हे काम मी शोधत गेले नव्हते. एका विनाअनुदानित शाळेत मी मराठी शिकवत होते. ती शाळा बंद पडली. तिच्या शेवटच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन मी केलं आणि तिथं साउंड लावायला आलेल्या माणसाचा स्वतःचा छोटा स्टुडिओ होता. मोबाइलच्या दुकानामागची एक खोली, भिंतींना जुनी जाजमं ठोकलेली, मधोमध एक माइक. तो स्वतः गायचा. एप्रिल जवळ आला की त्याच्याकडं भीमगीतांच्या गायन पार्ट्यांची रीघ लागे, नवरात्रात देवीची गाणी, आणि उरलेलं वर्ष जाहिरातींचं. त्या दिवशी वायरी गुंडाळता गुंडाळता तो मला म्हणाला, "ताई, तुमचा आवाज साफ हाये. आपल्याकडच्या पोरी 'पानी' म्हनतात, तुमी 'पाणी' म्हनता. या कधी स्टुडिओत."

घरी मीही 'पानी'च म्हणते. ते त्याला सांगितलं नाही. गेले, आणि जातच राहिले.

जाहिरातींच्या मागोमाग निवडणुका आल्या. आता यात माझ्या घरचं थोडं सांगावं लागेल. माझं माहेर अनसिंगचं. बाबा जन्मभर एकाच चिन्हाचे. उमेदवार कोण आहे हे ते बघतही नसत. सासर वाशीमचं, आणि सासरे नेमके दुसऱ्या बाजूचे. लग्न जुळवताना पत्रिका पाहिली, घर पाहिलं, नोकरी पाहिली, पार्टी तेवढी पाहायची राहिली, असं बाबा म्हणायचे. पहिल्या दिवाळीला दोघं समोरासमोर बसले आणि ताटलीतला चिवडा संपायच्या आत भांडले. बाबा रागारागानं चपला घालून बसस्टँडवर जाऊन बसले, आणि मी नव्या साडीत त्यांना आणायला गेले. पुढं बाबा असेपर्यंत दोघं एकमेकांशी फक्त पिकापाण्याबद्दल बोलले.

यात माझं मत काय, हे कुणी विचारलं नाही. आणि मीही ते कधी नीट काढून पाहिलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी सासरे सगळ्यांना समोर बसवून सांगत, आम्ही माना हलवत असू. आत गेल्यावर मी कुणाला मत दिलं त्याला काही सूत्र नव्हतं. आई गेली तेव्हा जो उमेदवार आमच्या दारात येऊन पाच मिनिटं न बोलता बसला होता, त्याला एकदा दिलं. एकदा उभी असलेली बाई माझ्यासारखीच शिक्षिका होती म्हणून तिला. एकदा कुणालाच नाही. माझे यजमान पाटबंधारे खात्यात लिपिक. त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "आपन सरकारी मानूस. आपल्याले मत नसते."

त्यामुळं स्टुडिओत दोन्हीकडची कामं आली तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सकाळी एका उमेदवाराचं, दुपारी त्याच्या विरोधातल्याचं. 'विकासाला साथ द्या' हे वाक्य मी दोघांसाठीही म्हटलं, फक्त चिन्ह बदललं. एकदा बसस्टँडसमोर प्रचाराचे दोन ऑटो समोरासमोर अडकले. ना हा मागं जाईना, ना तो. दोन्ही भोंग्यांतून मीच बोलत होते. एकीकडं मी विचारत होते, पाच वर्षांत काय केलं? दुसरीकडं मी सांगत होते, काय काय केलं. मी यजमानांच्या गाडीवर मागं बसले होते, पदरानं तोंड झाकून घेतलं. ते मान मागं वळवून म्हणाले, "अवं, तूच तुले पाडून राह्यली!" त्या दिवशी आम्ही घरी येईपर्यंत हसत होतो.

मग नगरपरिषदेची निवडणूक आली. दिवस थंडीचे होते, बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या होत्या. सासऱ्यांच्या पार्टीच्या उमेदवाराचा प्रचार पाहणारा एक जण मजकूर घेऊन स्टुडिओत आला. तो काही परका नव्हता. त्याच्या बहिणीच्या लग्नात निवेदन मीच केलं होतं, तेव्हापासून मला ताई म्हणायचा. मी खुर्चीवर बसले, कानाला हेडफोन लावला आणि मजकूर एकदा डोळ्यांखालून घातला. पहिली दोन वाक्यं नेहमीची होती. तिसऱ्यावर मी थांबले. ते आमच्याच शहरातल्या एका समाजाच्या लोकांविषयी होतं. त्यांच्या दुकानातून काय घेऊ नये, आणि ते वाढले तर तुमच्या लेकीसुनांचं काय होईल, अशा अर्थाचं. ते मी इथंही लिहिणार नाही.

"हे नाही होणार माझ्याच्यानं," मी म्हटलं.

"काहून ताई? जड जाऊन राह्यलं का? शब्द बदलून देतो."

"शब्द नाही, ते वाक्यच नको."

तो हसला. "अवो ताई, तुमाले थोडीच म्हनायचं हाये थे? म्हनून राह्यले आमचे साहेब. तुमी फक्त आवाज देता. मागच्या टायमाले तुमी त्या दुसऱ्या पार्टीसाठी आमाले चोर म्हटलं. आमी राग धरला का?"

त्याचं खरं होतं. मी म्हटलं होतं, आणि त्यानं राग धरला नव्हता. मोठं काही बोलावं असं वाटलं नाही. नुसता कंटाळा आल्यासारखं झालं, पाठ दुखायला लागल्यावर होतं तसं. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, बापू. मला जमत नाही."

तो गेल्यावर स्टुडिओवाला बराच वेळ वायरीशी काहीतरी करत बसला. शेवटी म्हणाला, "बरं केलं ताई. पन थो करून घेईनच कुठून तरी."

मी घरी आले, कुकर लावला. कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असंही तेव्हा वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी भाजीबाजारात मेथीची जुडी निवडत होते. मागून प्रचाराचा ऑटो आला. "नमस्कार, माझ्या माता-भगिनींनो!" मी जशी म्हणते तशीच, 'माता'वर किंचित थांबून. माझाच आवाज. मी कधी बरं हे केलं, असं आठवायला लागले. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. आणि मग ते तिसरं वाक्य आलं.

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मला वाटलं, अख्खा बाजार माझ्याकडं बघतोय. कुणीच बघत नव्हतं. भाजीवाली म्हणाली, "घेता का नाई बाई जुडी? पानं गळून राह्यली." ऑटो पुढं वळला, आणि वळणावरूनही ते वाक्य पुन्हा आलं. तेव्हा मला एक गोष्ट कळली. त्या संपूर्ण निवेदनात ती बाई कुठंही श्वास घेत नव्हती. मी लांब वाक्याआधी श्वास घेते, तो कितीही कापला तरी थोडा ऐकू येतो. तिथं तो नव्हता. पण हे मला ऐकू आलं, दुसऱ्या कुणाला कशाला येईल?

मी तशीच स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्यानं ते आधीच ऐकलं होतं. तो उठून उभा राहिला. "ताई, माझ्याकडून नाई गेलं हे. लेकराची आन. आता मोबाइलवरच होते हे. तुमचा जुना एखादा तुकडा देला का मशीन पाह्यजे थे बोलते."

माझे तुकडे तर शहरभर होते. ते कुणाकडं मागायचीही गरज नव्हती.

संध्याकाळी यजमान ऑफिसातून आले. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी तो तुकडा पाठवला होता. त्यांनी तो दोनदा ऐकला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू नाई बोल्ली म्हनतेस, तं नाई बोल्ली. पन अवं, हा तुझाच हाये."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या पुढच्या खोलीत साड्यांना पिको-फॉल करण्याचं दुकान आहे. ते चालवणारीला मी आपा म्हणते, ती मला भाभी. आम्ही दोघी या गल्लीत एकाच वर्षी आलो. माझी लेक आणि तिची थोरली एकाच अंगणवाडीत बसल्या. ईदला तिच्याकडून शीरखुर्मा येतो, दिवाळीला माझ्याकडून तिच्याकडं करंज्या जातात. इतक्या वर्षांत आमच्यात काय बोलणं झालं म्हणाल तर सासू, पोरी, गुडघे, नळाचं पाणी. त्या वाक्यातले 'ते लोक' म्हणजे आपा, तिचा नवरा आणि त्याचं चपलांचं दुकान. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडं गेले.

"या भाभी," ती म्हणाली, पण मशीन थांबवली नाही. एरवी थांबवायची.

मी स्टुलावर बसले. "आपा, थे ऐकलं का तुमी?"

"गल्लीतून दिवसभर गाडी फिरून राह्यली. कान कुठं ठेवाव?"

"मी नाई बोल्ली थे."

"आवाज तं तुमचाच हाये."

"माझाच हाये. पन बोल्ली नाई मी. मले बोलाले सांगतलं होतं, मी नाई म्हटलं. मंग त्याईनं मशीनवर केलं."

तिनं फॉलचा कोपरा वळवला, दोरा तोडला आणि मग हात थांबवले. "मले पटते भाभी. मी वळखते तुमाले. पन आमच्या घरचे म्हनतात, गावात एवढ्या बाया बोलतात, तुमचाच आवाज काहून घेतला? काहीतरी असंनच."

मी म्हटलं, "मी येऊन सांगू का त्याईले?"

"नका. आता रागात हायेत." मग तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहिलं. "एक विचारू? इतके साल झाले, कधी विचारलं नाई. तुमी कोनाकडल्या हाये, भाभी?"

मी म्हटलं, "मी कोनाकडलीच नाई, आपा."

ती रागावली नाही. साडीची घडी घालत म्हणाली, "आमाले नाई म्हनता येत तसं. आमी काही बोल्लो नाई तरी लोकच ठरवून टाकतात आमी कोनाकडले. तुमाले येते म्हनता."

मी उठून आले. ती लागट बोलली नव्हती, साधं बोलली होती. पण घरी येऊन मी किती वेळ नुसती ओट्यापाशी उभी होते.

मग मी निवडणूक कार्यालयात तक्रार द्यायला गेले. स्टुडिओवाला सोबत आला. जाताना म्हणाला, "माझ्या धंद्याचं काय व्हायचं थे होईन ताई, चला." तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी ऐकून घेतलं, लेखी मागितलं, पोच दिली. हा तुमचाच आवाज नाही कशावरून, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी श्वासाचं सांगितलं. त्यांनी तो तुकडा कानाला लावून पुन्हा ऐकला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "मॅडम, मला नाही कळत." तपासायला पाठवावं लागेल, वेळ लागेल, म्हणाले. वाक्य काढून टाकायला मात्र त्यांनी त्या लोकांना सांगितलं असावं, कारण दोन-तीन दिवसांनी गाडीवरचा मजकूर बदलला. बदललेला मजकूरही माझ्याच आवाजात होता.

तक्रारीची बातमी फुटायला वेळ लागला नाही. आधी विरोधी उमेदवाराची माणसं घरी आली. ही माझ्या बाबांची पार्टी. दोघं जण होते, फार आपुलकीनं बोलले. "ताई, तुमच्यावर लय अन्याव झाला. तुमच्या बाबाईले आमी वळखत होतो. तुमी फक्त आमच्या सभेत पाच मिनिटं बोला. आवाज चोरला म्हना. पुढचं आमी पाह्यतो."

मला क्षणभर वाटलंही, बोलावं. माइक समोर असेल, आवाज माझा असेल, श्वासही माझा असेल. मग मी विचारलं, "आणि पुढं काय पाहणार तुमी?" तर ते दोघं एकमेकांकडं बघून हसले. एक म्हणाला, "मंग ताई, त्या वस्तीतली सगळी मतं आपलीच नं." माझ्या डोळ्यांपुढं आपाची मशीन आली. त्यांना मतं दिसत होती आणि मला एक बाई दिसत होती, एवढाच फरक असेल. मी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. फाटकाबाहेर गेल्यावर त्यांतला एक जण बोललेला मला ऐकू आला, "सासरच्या धाकात हाये."

सासरच्या धाकाचं म्हणाल तर तो प्रसंगही त्याच संध्याकाळी झाला. सासरे आता ऐंशीच्या घरात आहेत. बाहेर फारसे जात नाहीत, पण चौकातल्या पाराशी जुने सोबती भेटतात, तिथं सकाळी जातात. तिथून कुणीतरी सांगितलं होतं. मी ताट वाढून नेलं तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"सूनबाई, तक्रार देली म्हनतात तू. आपल्याच पार्टीवर."

"हो, मामाजी."

"मी चाळीस साल झेंडा धरला. आता पारावर तोंड कसं दाखवू?"

मी ताट ठेवून खाली बसले. "मामाजी, तुमी ऐकलं का थे वाक्य?"

"ऐकलं."

"कसं वाटलं?"

त्यांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "इलेक्शनमधी बोलाच लागते तसं. मनावर नसते घ्यायचं."

"आपानं मनावर घेतलं."

"तिच्याबद्दल थोडीच हाये थे."

"मंग कोनाबद्दल हाये?"

सासूबाई गेल्या तेव्हा या घरात दहा दिवस जेवण आपाच्या घरून येत होतं. आमच्यातल्या काही नातेवाइकांनी नाकं मुरडली, आणि त्यांना गप्प करणारे हेच होते. हे मी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती. त्यांनी विषय बदलला.

"मंग तू तिकडली झाली म्हन. तुझ्या बापाची पार्टी."

"नाई. थे बी आल्ते आज. त्याईले बी नाई म्हटलं."

"मंग हायेस कुठं तू?" ते चिडले होते, पण त्या चिडण्यात खरंच विचारणंही होतं. त्यांच्या दृष्टीनं माणूस या बाजूला असतो नाहीतर त्या बाजूला. मध्ये काय असतं, ते त्यांना कळत नव्हतं.

मी खूप दमले होते. म्हटलं, "मले माहीत नाई मामाजी. पन त्या वाक्याजोळ मी नाई बसनार. थे कोनत्या बी पार्टीचं असो."

त्यांनी जेवण संपवलं. हात धुतले. टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पारावर न जाता अंगणातच बसून राहिले. का, ते मी विचारलं नाही.

पुण्यात शिकणाऱ्या लेकीला हे सगळं फोनवर कळत होतं. तिला माझा अभिमान वाटत होता आणि मला त्या अभिमानाचाही कंटाळा यायला लागला होता. एक दिवस तिनं मोबाइलवर काहीतरी पाठवलं. "आई, यात प्रश्न आहेत. तू उत्तरं दे. शेवटी कळतं आपण डावे का उजवे. तुला स्वतःला कळायला पाहिजे ना?"

मी तुरीचे दाणे सोलत होते. ती फोनवर प्रश्न मराठीत करून वाचत गेली आणि मी उत्तरं देत गेले. दवाखाने सरकारनं चालवावेत का? मला आईचे शेवटचे दिवस आठवले. सरकारी दवाखान्यात खाट मिळाली नव्हती आणि खासगीत मिळाली ती परवडेना. मी म्हटलं, "सरकारनंच, पण नीट." लेक म्हणाली, "'पण नीट' असं यात नाही, आई. पूर्ण सहमत का थोडी सहमत?" शाळांचं विचारलं. मी बंद पडलेल्या शाळेतली मास्तरीण, मी काय बोलणार? शिक्षा कडक असाव्यात का, मुलांनी आईवडिलांचं ऐकावं का, श्रीमंतांवर जास्त कर असावा का. काही ठिकाणी माझी उत्तरं बाबांसारखी येत होती, काही ठिकाणी चक्क सासऱ्यांसारखी. एका उत्तरावर लेक म्हणाली, "आई, हे तू म्हणतेयस?" मी म्हटलं, "हो, मीच. बदलू का?" ती म्हणाली, "नको, नको. खरं तेच सांग."

मग एक प्रश्न आला. सगळ्या धर्मांच्या लोकांना सारखे हक्क असावेत का? मी म्हटलं, पूर्ण सहमत. आणि म्हणता म्हणताच वाटलं, सासऱ्यांनीही हेच उत्तर दिलं असतं. तो मजकूर घेऊन आलेला बापूही हेच म्हणाला असता, आणि खोटं बोलतोय असं त्याला वाटलंही नसतं. मला पुढचे प्रश्न नीट ऐकू आले नाहीत.

शेवटी एक चौकट आली आणि तिच्यात एक ठिपका. लेक म्हणाली, "थोडीशी डावीकडं आहेस. पण फार नाही. जवळजवळ मध्येच."

"बरं," मी म्हटलं.

"बरं काय? तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, हे दाणे आता शिजायला टाकावेत."

ती हिरमुसली. तिचं चुकत नव्हतं. ती ज्या वयात आहे त्या वयात आपण कुठं आहोत हे कळलं की पुढची वाट दिसते. मला ते कळून काय करायचं होतं? ठिपका कुठंही असला तरी सकाळी त्याच गल्लीतून जायचं होतं, आणि प्रत्येक दारात मी हे बोलले नाही हे सांगायचं होतं.

आणि ते मी सांगितलं. प्रचार थांबला त्या दिवशी मी गल्लीतल्या, आणि पलीकडच्या वस्तीतल्याही ओळखीच्या घरी गेले. माइक नाही, कागद नाही. काही जणींनी ऐकून घेतलं. एकीनं विचारलं, किती घेतले होते? एकीनं दार अर्धंच उघडलं. एक म्हातारी म्हणाली, "माय, तू इथवर आली नं, झालं मंग." घरोघर तेच तेच सांगून माझा घसा बसला.

मतदानाला मी आणि यजमान शाळेत गेलो. रांगेत आपा माझ्या बरीच पुढं उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं, मान हलवली. आत गेल्यावर मी इतका वेळ लावला की बाहेरच्या बाईनं मला "झालं का?" म्हणून विचारलं. कुणाला मत दिलं ते मी सांगत नाही. पण या वेळी कारण मला ठाऊक होतं. मला उमेदवार आवडला नव्हता. त्याच्या तोंडून ते वाक्य मी ऐकलं नव्हतं, इतकंच. एवढ्यावर मत द्यावं लागावं याचं वाईट वाटलं.

तो पडला. मजकूरवाला उमेदवार निवडून आला, आमच्या वॉर्डातही त्याला चांगली मतं मिळाली. गुलाल आमच्या फाटकापर्यंत आला. सासरे बाहेर आले, पोरांनी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला, त्यांनी लावून घेतला. आत येऊन मात्र त्यांनी लगेच तोंड धुतलं.

मी स्टुडिओवाल्याला सांगितलं की निवडणुकीचं काम आता घेणार नाही. त्यानं मान डोलावली. म्हणाला, "तुमी या नाईतर नका येऊ ताई, आवाज तं त्याईजोळ हाये आता." आणि तसंच झालं. नंतरच्या एका प्रचारात शिरपूर जैनहून माझ्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, आमच्या इकडं तुमची गाडी फिरून राह्यली. कोनाचं काम घेतलं?" मी म्हटलं, "ती मी नाही." तिनं विचारलं, "मंग कोन?" मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. असे फोन अजून येतात. कधी सगळं सांगते, कधी नुसतंच "मी नाही" म्हणून ठेवून देते.

तक्रारीचं पुढं काय झालं, ते कळलेलं नाही. मध्ये एकदा बोलावलं होतं, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच सांगितलं.

परवा मी एक साडी घेऊन आपाकडं गेले होते. तिनं मशीन थांबवली, पाणी दिलं. थोरल्या पोरीचं लग्न ठरतंय म्हणाली, मुलगा कारंज्याचा आहे. आम्ही बोलत असताना तिचे यजमान दुकानातून जेवायला आले. त्या निवडणुकीनंतर पहिल्यांदाच आम्ही एका खोलीत होतो. मी नमस्कार केला. ते चपला काढून तसेच आत गेले. आपा माझ्याकडं बघत राहिली. मला उठून जावंसं वाटलं. पण उठले असते तर पुन्हा बसायला किती दिवस लागले असते कुणास ठाऊक, म्हणून मी बसून राहिले आणि फॉलला कोणता रंग चालेल ते विचारलं.